मोऱ्याची वेसण

माझ्या मालकांचं नाव आकाराम. घ्या, येकदाच घेतलं. आमच्या वक्ताला बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, न्हाईतर न्हाईच. आता माझं दात गेलं, केस गेलं, आता मी नाव घेतल्यानं कुणाचं आयुष्य कमी व्हईल आसं मला वाटत न्हाई. तरी जीभ अडतीच. म्हणून हितनं पुढं मी ‘ह्ये’ आसंच म्हणीन, तुमी समजून घ्या.

आमचं गाव रहिमतपूरपास्नं दोन कोसावर. घरात ह्ये थोरले, बाळासो म्हणून माझा धाकटा दीर, त्येची बायको आन् मी. लढाई लागली आन् गावातनं माणसं भरती व्हाय लागली. ह्ये बी गेले. तारा वढणाऱ्या पलटणीत घातलं ह्येंला, सिग्नल म्हणत्यात तिला. जायच्या आधी येक महिना ह्येंनी खरसुंडीच्या बाजारातनं खिलारी वासरू आणलं व्हतं. वाटंत वढ्याला पाणी आलं तर वासरू खांद्यावर घेऊन आले. त्येचं नाव मोऱ्या ठेवलं, आन् महिन्याभरात वासरू माझ्या गळ्यात मारून ब्रह्मदेशाला निघून गेले.

वासरू मी वाढवलं. शेणघाण मी, वैरण मी, रातचं कानाखाली खाजवणं बी मीच. मोऱ्या मोठा झाला तो उंचापुरा, आन् डोक्यानं जरा वाकडाच. बाळासोला तर तो येकदा गव्हाणीत दाबून धरून उभा ऱ्हायला व्हता. बाळासोची बी चूक न्हाई म्हणा. तेवीस-चोवीस वर्साचं पोरगं, येकट्यानं समदं रान बगायचं, उसाला पाणी पाजायचं, भाऊ कुठल्या जंगलात हाय त्येचा पत्ता न्हाई. तो बैलावर चिडायचा, बैल त्येच्यावर चिडायचा, आन् मी दोघांच्या मधी भाकरी घेऊन उभी.

शेहेचाळीस सालच्या शिमग्याला ह्ये माघारी आले.

समद्या गावानं वेशीत जाऊन आणलं. जो तो म्हणायचा, राहीबाई, नशिबवान हायस गं, नवरा धड आला. हात हायती, पाय हायती, अंगावर वरखडा न्हाई. वर आणि उजळून आलाय. मला तवा लय राग यायचा. उजळून कसला आलाय, हिवतापानं रगत आटून पांढरा फटक पडलाय माणूस, आन् लोकांस्नी गोरा दिसतोय. दुरनं डोंगर साजरा, दुसरं काय.

बोलायचेच न्हाईत. बसा म्हणलं की बसायचे, जेवा म्हणलं की जेवायचे. भाकरी संपली तरी ताटात हात तसाच. मी म्हणायची, आवं, वाढू का आणखी, तर माझ्याकडं आसं बगायचे जसं काय मी कानडीतनं बोलतीया. घरात बसवंना, पारावर बसवंना. येकच जागा व्हती, गोठा. तितं मोऱ्याच्या शेजारी पोत्यावर बसायचे आन् मोऱ्याशी बोलायचे. काय बोलायचे ते मला ऐकू यायचं न्हाई, पर ओठ हलताना दिसायचे. तेवढंच माझं समाधान. जोवर बैल हाय तोवर माणूस बोलतोय. बैल गेला की माणूस गेला, हे मला त्या पयल्या पंधरवड्यातच उमगलं.

आन् नेमकं बैलाचंच नाक नासलं.

वेसण म्हंजे काय ते सांगाय नगं, बैलाच्या दोन नाकपुड्यांच्या मधनं वढलेली दोरी. ती हाय तोवर बैल माणसाच्या हातात. चैतात उसाला पाणी पाजायचं म्हणून रोज मोट चालू. मोऱ्या धावंवरनं, म्हंजे मोटंच्या उतारावरनं, खाली जाताना उधळायचा, बाळासो वेसणीला हिसका द्यायचा. अंबाडीची दोरी, ती भिजायची, वाळायची, परत भिजायची. काथ्यागत टणक झाली. नाकातलं मास कापलं, त्यात माशी बसली, आन् किडं झालं. मी कडुलिंबाचा पाला वाटून बांधला, हळद भरली, कापूर भरला. दिसाआड बरं वाटायचं, दिसाआड परत तेच.

गावातला दोर वळणारा केरबा तात्या येऊन बगून गेला. त्येचं आयुष्य दोऱ्या वळण्यात गेलेलं, समद्या गावाच्या बैलांच्या वेसणी त्येच्या हातच्या. तो म्हणाला, मधलं मास आता बोटाएवढं ऱ्हायलंय. नवी वेसण घातली तर ती कापत जाईल आन् येक दिस हिसक्यासरशी नाक फाटंल. नाक फाटलं की बैलाला धरायचं कशाला? आन् वेसण काढून मोकळं सोडावं तर ह्यो आसला मारका.

बाळासोनं त्याच दिवशी सांगितलं, बेंदराच्या, म्हंजे बैलांच्या सणाच्या, आत बैल इकायचा. नाक फाटल्यावर त्येला खाटकाबिगर कुणी इचारणार न्हाई, आता निदान शेतकरी घेईल. बोलला ते खरंच व्हतं. मी ह्येंच्या तोंडाकडं बगितलं. दीड महिन्यात पयल्यांदा माणसात बसून बोलले.

“बैल जायाचा न्हाई.”

तेवढंच. बाळासो पाय आपटत निघून गेला.

ह्येंची पत्र्याची पेटी येका काळ्या जाड केबलीनं बांधलेली व्हती, दोरीच्या ऐवजी. पलटणीतली टाकून दिलेली केबल. दुसऱ्या दिवशी ह्येंनी ती सोडली, चाकूनं वरची काळी साल चिरली. तिच्या आत तांब्याच्या तारांचं विणलेलं जाळं निघालं, ते सोलून काढलं. त्येच्या बी आत करंगळीएवढी येक कांडी, आन् तिच्या पोटात परत येक तार. मला म्हणले, पाणी तापव. मी आंघोळीचं हंडंभर तापवलं. कांडी त्यात भिजवली, मी येक टोक सांडशीत धरलं, ह्येंनी दुसरीकडनं तार वढून काढली. ऱ्हायली ती नुसती नळी. शिजलेल्या साबुदाण्यागत, धड पांढरी न्हाई आन् धड काचंगत बी न्हाई. हाताला मऊ, बुळबुळीत. इचारलं हे काय म्हणून, तर म्हणले, पॉलिथिन.

ती मोऱ्याच्या नाकात घातली. त्येला कळलं बी न्हाई.

आन् वर ह्येंनी आणखी येक केलं. केरबाकडनं जुनी जाड म्होरकी आणली, म्हंजे तोंडाभोवती बांधायची दोरी, आन् हातात धरायचा कासरा त्या म्होरकीत अडकवला. वढ लागंल ती म्होरकीला, वेसण नुसती नावाला, नाकाची वाट धरून ऱ्हायाला. मोऱ्यानं मान झटकली की तेवढी थोडी वढ वेसणीवर यायची. मोटंला मोऱ्याला ह्येच धरायचे, हळू. बाळासोला हात लावू देत नव्हते.

काय सांगू तुमास्नी, ते नाक सुधराय लागलं. अंबाडी पू पिऊन बसायची, ही काय पीत नव्हती. पाणी मारलं की स्वच्छ. माशी बसंना. पंधरा-वीस दिसात किडं गेलं, मास भरून याय लागलं. गावातली पोरंसोरं, बाया-बापे काचंची वेसण बगाय यायचे. कुणी म्हणायचं, आकारामनं सरकारी मालाचा बैलाला दागिना केला. नाकापेक्षा मोती जड, आसं बी येकजण बोलला.

आन् नाकासंगं माणूस बी सुधराय लागला. ह्ये मला बोलाय लागले. जंगलातनं तारा कशा वढायच्या, झाडावर चढायचं कसं, खाली चिखलात मेलेली खेचरं कशी पडलेली असायची. भाकरी थापता थापता मी ऐकायची. समदंच काय ऐकवायचं न्हाई, पर मी हं हं करीत ऱ्हायची. माणूस बोलतोय ना, मग काय का बोलंना.

वटपुनवंच्या आसपास मला दिसलं की वेसण येका बाजूनं पांढरी झालीया. आधी तांदळाएवढी, मंग बोटाच्या पेराएवढी. तितं ती बारीक बी झाली व्हती, आन् जितं बारीक तितं दुधागत पांढरी. बाकीची तशीच साबुदाण्यागत. आन् गंमत म्हंजे ते बारीक जितल्या तितं तुटत न्हाई, ते पसरत जातं. जाड भाग खाऊन खाऊन बारीक भाग लांब व्हतो. ह्येंनी दोनदा गाठ सोडून वेसण आखूड केली.

केरबा तात्यानं बगितलं. त्येनं बोटांत धरून चाचपली, वास घेतला. म्हणाला, झाक झालं. अंबाडी जितकी धुवावी तितकी पांढरी पडती. पांढरी ती निरोगी, काळी पडली की समजायचं कुजली. त्येचं म्हणणं सगळ्यांस्नी पटलं, मला बी पटलं. हयातभर दोऱ्या वळलेला माणूस. बाळासो तर म्हणाला, बगा, नव्यापरास नवी दिसाय लागली.

ह्येंनी मात्र त्या दिवसापास्नं मोऱ्याला मोटंला जुंपायचं बंद केलं. पाऊस लागला व्हता म्हणून तसं निभावलं, पर कुळवाला जुंपाय बी न्हाई म्हणलं तवा बाळासो भडकला. बैल काय देव्हाऱ्यात बसवायचाय का, म्हणाला. त्येचं बी बरूबर. येका बैलानं अवताला काय व्हतंय.

बेंदराच्या आदल्या दिवशी दुपारी गोठ्यात मीच इचारलं. आवं, बैल बरा झाला, वेसण धुऊन निघाली, आन् तुमी त्येला कामाला लावत न्हाई. लोकं काय म्हणतील?

तवा ह्येंनी मला बसवून सांगितलं. पलटणीत येक गोरा सायब व्हता, लढाईच्या आधी तो ह्यो मालच जिथं तयार व्हतो तिथं कामाला असलेला. त्येनं ह्येंला येकदा भिंगातनं दाखवलं व्हतं. म्हणायचा, ह्येच्या आत काई जागी माल घट्ट रचलेला असतो, कडब्याची गंजी लावल्यागत. आन् गंज्यांच्या मधी मोकळा गुतवळा. वढ बसली की गुतवळा ताणतो, गंज्या लवकर हलत न्हाईत, आन् मधल्या मधी भोकं पडत्यात. डोळ्याला दिसणार न्हाईत येवढाली, लाखानं. आणखी वढलं की गंज्या बी मोडत्यात आन् समदा माल वढीच्या दिशेनं दोऱ्या दोऱ्या व्हऊन लांबत जातो. पांढरं दिसतं ते धुतल्यामुळं न्हाई. उजेड त्या भोकांत अडकून माघारी फिरतो म्हणून.

“म्हंजे ती कुजलीया?” मी इचारलं.

“कुजली न्हाई. ताणली.”

आमच्यात म्हणत्यात, तुटंस्तवर ताणू ने. म्हण बरूबर हाय. पर तुटायच्या आधी आत काय व्हतं, ते म्हणीत कुणी सांगितलेलं न्हाई.

मी म्हणलं, मग बदला की. तर म्हणले, कशानं बदलू? दुसरी नळी न्हाई. केरबाची दोरी आत्ताच घातली तर कोवळं मास परत कापंल. आणखी तीन-चार आठवडं निघालं पायजेत, मंग घालू. तोवर हिच्यावर वढ पडू द्यायची न्हाई. म्होरकी हाय तोवर भ्या न्हाई.

मी जाऊन बाळासोला सांगितलं, भावजी, ती वेसण पांढरी पडलीया म्हंजे आतनं गेलीया, तिला धरू नका. तो हसला. म्हणाला, वयनी, पांढरं म्हंजे गेलेलं आन् काळं म्हंजे चांगलं, दादा तितं जाऊन उलटंच शिकून आला व्हय? मला ह्येंच्यासारखं सांगता येईना. भोकं आन् उजेड म्हणलं आसतं तर त्येनं मलाच येड्यात काढलं आसतं.

आता बेंदराचं ऐका. त्या दिवशी वेशीत गवताचा आन् पिंपळाच्या पानांचा जाड दोर आडवा बांधत्यात, त्येला कर म्हणत्यात. सांजच्याला बैल मिरवत आणायचे आन् पयल्या मानाच्या बैलानं ती कर तोडायची. तो मान आमच्या घराचा, सासऱ्यांच्या आज्यापास्नं. आमचा दुसरा बैल पायात लंगडत व्हता. म्हंजे मोऱ्याच. ह्येंनी बी न्हाई म्हणलं न्हाई. म्हणले, म्होरकी धरून चालत नेईन, शिंगानं कर तुटंल, माघारी आणीन.

आन् बेंदराला आणखी येक चाल हाय. बैलाच्या अंगावर जुनी दोरी ठेवायची न्हाई. त्या दिशी समदं नवं. केरबा सकाळीच गोंड्याच्या नव्या म्होरक्या, कासरं घेऊन घरोघर फिरायचा.

सकाळी ह्येंला थंडी वाजून ताप भरला. मी आतल्या घरात वाकळा टाकल्या, काढा दिला, पाय दाबत बसली. भाईर बाळासो आन् केरबानं बैल धुतलं, शिंगं रंगवली, झूल घातली, बाशिंग बांधलं. ती जुनी जाड म्होरकी तेल-घामानं काळी झालेली. बेंदराच्या दिशी मानाच्या बैलाच्या तोंडावर आसलं काळं दोरडं? बाळासोनं काढून उकिरड्यावर टाकलं. तिच्या जागी रंगीत सुतळीची, गोंड्याची, नुसती शोभंची म्होरकी बांधली. आन् वेसण? ती तर पांढरी सफेद, नव्यापरास नवी. केरबाच म्हणाला, ही ऱ्हाऊ दे, हिच्यातच कासरा घाल. दोघांनी मन लावून, प्रेमानं केलं. तेच वाईट. दुष्टाव्यानं केलं आसतं तर चार शिव्या तरी देता आल्या आसत्या.

सांजच्याला ताप उतरला. ह्ये घाम पुशीत भाईर आले, फेटा बांधला. मोऱ्याच्या कपाळाला बाशिंग, गालावर गोंडं, नाकाफुडं फुलांच्या माळा. काय बी दिसत नव्हतं. हलगी वाजाय लागली व्हती, माणसं ताटकळली व्हती. बाळासोनं कासरा हातात दिला, ह्येंनी घेतला. मी पंचारतीचं ताट घेऊन मागनं.

वेशीत ही गर्दी. दोन्ही अंगाला बाया, पोरं, कडंवरची लेकरं. मोऱ्या नीट चालत व्हता. कर धा पावलांवर आली आन् कुणीतरी हौशी माणसानं बार काढला.

मोऱ्या उधळला. त्येनं मान झटकली तशी माळा तुटल्या, गोंड्याची म्होरकी तुटली, आन् ह्येंच्या हातातला कासरा कशाला बांधलाय ते ह्येंला आन् मला येकदमच दिसलं.

तिथनं पुढचं मी आजून डोळं मिटलं की बगती. ती वेसण लांब झाली. नाकापासून वीतभर व्हती ती हातभर झाली, बारीक झाली, पांढरी झाली, आणखी लांब झाली. माझ्या हातातलं ताट पडलं. कासरा सोडावा तर फुडं लेकरांची रांग. कासरा वढावा तर येकतर वेसण तुटणार न्हाईतर नाक फाटणार. ह्येंनी सोडला बी न्हाई, वढला बी न्हाई. मोऱ्याच्या जोडीनं पळाले. तापातनं उठलेला माणूस, कंबरंत वाकून, त्येच्या डोक्याच्या बाजूनं, तो जसा जाईल तसा कासरा सैल देत, तोंडानं त्येच्याशी बोलत. बोलणं मला ऐकू आलं न्हाई, ओठ दिसले. लेकरांच्या रांगंला घासून दोघं गेले, कर मोऱ्याच्या छाताडानं तुटली, माणसं ओरडली, हलगी आणखी जोरात वाजली. लोकांस्नी वाटलं मान झाला. आन् ह्ये दोघं वेशीच्या भाईर उतारानं वढ्याकडं गेले.

मी लुगड्याचा काचा मारला आन् पळाली. बाईमाणसानं आसं पळू ने. पळाली.

वढ्यात गुडघाभर पाणी व्हतं. मोऱ्या पाण्यात उभा, पोटाचा भाता चाललेला, बाशिंग येका शिंगाला लोंबतंय. ह्ये काठावर दगडावर बसलेले. हातात कासरा, कासऱ्याच्या फुडं ती वेसण. करंगळीएवढी जाड व्हती ती सुतळीएवढी झालेली, दोन हात लांब, दुधासारखी पांढरी. तुटली नव्हती.

मी पयलं मोऱ्याकडं गेली. नाकपुडीत बोट घालून बगितलं. कोवळं मास व्हतं तसं हाय, रगताचा थेंब न्हाई. माझ्या जिवात जीव आला. मी म्हणलं, आवं, नाक धड हाय. वेसण बी तुटली न्हाई. बैल ऱ्हायला आपला.

ह्येंच्या तोंडावर काय आनंद दिसंना. त्या पांढऱ्या दोऱ्यावरनं बोट फिरवीत व्हते, ह्या टोकाकडनं त्या टोकाला.

“आता ही माघारी आखडत न्हाई, राही,” म्हणले. “लोकं बगतील, म्हणतील तुटली न्हाई म्हंजे धड हाय.”

मी पाण्यातनं ह्येंच्या शेजारी आली.

“सायबाचा हुकूम व्हता. केबल आतनं पांढरी पडली की तिला कामातनं काढायची. तुटायची वाट बगायची न्हाई. मी दोनदा गेलो त्येच्याकडं. म्हणलं, सायब, आता मला काढा. त्येनं माझं हात बगितलं, पाय बगितलं. म्हणाला, तू तर धड हायस.”

मला रडू आलं. लाज न्हाई सांगाय, भडाभडा रडली. येवढं मोठं भिंग घेऊन बसलेला सायब, त्येला दोरीतलीच भोकं दिसली. मला चार महिनं झाले व्हते, मला तरी कुठं काय समदं दिसलं व्हतं. हलगी वेशीत आजून वाजत व्हती आन् आमी दोघं वढ्यात.

मंग मी डोळं पुसलं. ह्येंच्या हातातनं कासरा काढून घेतला. बोटं घट्ट मिटलेली, येकेक सोडवावं लागलं. म्हणलं,

“मी काढलं तुमास्नी. आजपास्नं.”

ह्येंनी माझ्याकडं बगितलं. कानडीवानी न्हाई बगितलं, नीट बगितलं. आन् दगडावर तसंच बसून ऱ्हायले. मी पाण्यात जाऊन मोऱ्याच्या नाकातली ती वेसण सोडली आन् वढ्यात सोडून दिली. मोऱ्याला शिंगाला हात लावून घरी आणलं. मारका बैल, वेसणीबिगर, माझ्या मागं आला. ह्ये त्येच्या मागं.

घरी बाळासो दारात उभा व्हता. तोंड उतरलेलं. लोकांनी सांगितलं व्हतं त्येला, लेकरं कशी थोडक्यात वाचली ते. ह्येंच्या पायाशी वाकाय लागला तर ह्येंनी खांद्याला धरून उठवलं. बैल इकायचं मात्र त्येनं परत कवाच काढलं न्हाई. महिन्यानं नाक पुरतं भरलं, केरबानं निवडून, धुऊन, मऊ केलेल्या अंबाडीची वेसण घातली. घालताना म्हातारा मला म्हणाला, बाई, पांढऱ्याचं मला आजून कळलं न्हाई. मी म्हणलं, तात्या, कळून बी काय करायचंय.

पुढच्या चैतात मोट मी हाकली. मोटंचा जाड दोर, म्हंजे नाडा, धरून बैलांमागं, धावंवरनं खाली आन् परत वर. आमच्या भागात बायकांनी मोट हाकायची रीत न्हाई. अंग आसं दुखायचं की रातचं कूस पालटवत न्हवती. बाळासो येक पाळी धरायचा, येक मी. ह्ये धावंच्या कडंला आंब्याखाली बसायचे. मोऱ्या खाली येऊन थांबला की त्येच्याशी बोलायचे, तो वर गेला की गप. कवा कवा माझ्याशी बी बोलायचे. पुढं वीस वर्सं जगले, आसंच बसून, हलकं काय काय करीत.

लोकं हसली. वाटंनं जाताना थांबायची, आन् येखादी बाई हमखास इचारायची, काय गं राहीबाई, नवरा चांगला धडधाकट सावलीला बसलाय आन् तू मोट हाकतीस?

मी म्हणायची, “त्येंला मी कामातनं काढलंय.” आन् बैल वळवायची.